आजीच्या गाण्यांच्या मूळ फाइल एका ठिकाणी आणण्याबाबत घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

मोठे बाबा (गावचे घर, दारव्ह्याजवळ)
सर्वांना नमस्कार. महालक्ष्म्यांचे जेवण नीट पार पडले आणि सगळे आपापल्या घरी सुखरूप पोहोचले, हे वाचून समाधान वाटले. आता एक काम मनात आहे. आईने म्हटलेली भुलाबाईची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या गेल्या काही वर्षांत तुमच्यापैकी निरनिराळ्या जणांनी आपापल्या मोबाइलमध्ये भरून घेतल्या आहेत. आईचा आवाज आता थकला आहे आणि पूर्वीसारखे पूर्ण गाणे तिच्याने होत नाही, म्हणून जे आहे ते एका जागी यावे अशी माझी इच्छा आहे. प्रत्येकाने आपल्याकडचे सगळे या ग्रुपवर टाकावे. माझ्या फोनमध्ये जागा भरल्याची सूचना रोज येते, तेव्हा गाणी एकत्र झाली की जुने फोटो आणि व्हिडिओ आपण काढून टाकू.

भाऊ (यवतमाळ)
मोठे बाबा, नमस्कार. तुमचा विचार अगदी योग्य आहे, परंतु दोन गोष्टींसाठी हात जोडून विनंती करतो: ग्रुपवर टाकू नये, आणि तूर्तास कोणीही आपल्या फोनमधून काहीही काढून टाकू नये.

व्हॉट्सॲपवर फोटो किंवा व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो लवकर पोहोचावा म्हणून ॲप त्याला दाबून लहान करते, आणि समोरच्याला मिळते ती मूळ फाइल नसून तिची कमी प्रतीची नक्कल असते. २०२३ मध्ये एचडीचा पर्याय आला, तरी त्यातही फाइल काही प्रमाणात दाबली जातेच. शिवाय फोटो कधी आणि कोठे काढला याची जी नोंद मूळ फाइलच्या आत असते ती वाटेतच गळून पडते, आणि फाइलच्या नावात पाठवल्याची तारीख येऊन बसते. आजीची कोजागरीची गाणी कोणत्या वर्षीची, हे आपल्याला आज आठवते म्हणून त्या नोंदीचे मोल कळत नाही. पुढच्या पिढीला मात्र तेवढाच आधार राहील.

पाठवायचेच असेल तर जोडणीच्या चिन्हातून ‘डॉक्युमेंट’ निवडून फाइल पाठवावी. त्या वाटेने ती जशीच्या तशी जाते आणि २०२२ पासून एका फाइलला २ जीबीपर्यंत मुभा आहे. पण गावातल्या नेटवर्कवर मोठा व्हिडिओ असा चढवणे फार जिकिरीचे आहे, तेव्हा माझे स्पष्ट मत असे आहे की दिवाळीला सगळे घरी येतील तेव्हा प्रत्येकाने आपला फोन वायरने लॅपटॉपला जोडून मूळ फाइलच हार्ड डिस्कवर उतरवाव्यात.

धाकटे काका (दारव्हा)
वायरने जोडण्याचा प्रयत्न मी पूर्वी करून पाहिला आहे. फोन फक्त चार्ज होतो; कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही.

भाऊ (यवतमाळ)
काका, त्याची बहुधा दोन कारणे असतात. एक म्हणजे वायर. साध्या यूएसबी वायरमध्ये वीज नेणाऱ्या दोन आणि माहिती नेणाऱ्या दोन अशा चार तारा लागतात, परंतु बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त वायरींमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशी वायर फोन चार्ज करील, पण तिच्यातून एकही फोटो जाणार नाही. म्हणून फोनच्या खोक्यात आलेली वायर प्रत्येकाने शोधून ठेवावी.

दुसरे कारण फोनच्या आत आहे. वायर लावल्यावर अँड्रॉइड फोन सुरक्षिततेसाठी आपणहून फक्त चार्जिंगच सुरू करतो. वरून पट्टी खाली ओढली की यूएसबीद्वारे चार्जिंग सुरू असल्याची सूचना दिसते. तिच्यावर बोट ठेवून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते. फोन कुलूपबंद असेल तर कॉम्प्युटरवर फोनचे नाव दिसते पण आतली पेटी रिकामी दिसते, त्यामुळे आधी पिन टाकून स्क्रीन उघडावी. हीच सोय एसटी स्टँडवरच्या चार्जिंगच्या ठिकाणी आपले रक्षण करते. तेथे असा प्रश्न आला तर फाइल ट्रान्सफरला कधीही संमती देऊ नये. रिझर्व्ह बँकेनेही २०२२ मध्ये काढलेल्या आपल्या जनजागृती पुस्तिकेत सार्वजनिक चार्जिंगमधून होणाऱ्या चोरीबद्दल सावध केले आहे.

कॉम्प्युटरवर फोन उघडला की ‘डीसीआयएम’ नावाचे फोल्डर शोधावे. कॅमेऱ्याने काढलेले सर्व त्याच्या आत ‘कॅमेरा’मध्ये असते. आवाजाची रेकॉर्डिंग तेथे सापडणार नाहीत. ती बहुतेक फोनमध्ये ‘रेकॉर्डिंग्ज’ किंवा ‘साउंड रेकॉर्डर’ अशा वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, आणि नेमकी तीच मागे राहून जातात. आपल्याला तर तीच सर्वांत आधी हवी आहेत.

काकू (दारव्हा)
आईंच्या ओव्या माझ्या फोनमध्ये आहेत. त्या दळण दळताना म्हणत असत तेव्हा मी फोन जात्यापासून थोडा लांब, कोनाड्यात ठेवून भरल्या होत्या, त्यामुळे जात्याची घरघर मागे राहून शब्द स्पष्ट ऐकू येतात. त्या फाइल मी कोणालाही पाठवलेल्या नाहीत. त्यांना किती जागा लागेल?

भाऊ (यवतमाळ)
काकू, हे तर फार मोलाचे आहे. आवाजाला जागा फारच थोडी लागते. चांगल्या प्रतीचे रेकॉर्डिंग साधारण मिनिटाला १ एमबी धरा, म्हणजे तासभर ओव्या असल्या तरी ६० एमबीच्या आसपास. जागा खातात ते व्हिडिओ. नेहमीच्या फुल एचडी व्हिडिओचे एक मिनिटच पुष्कळदा १०० एमबीच्या वर जाते. तेव्हा मोठ्या बाबांच्या फोनमधली जागा गाण्यांनी अडलेली नाही, आणि जागेसाठी कोणी रेकॉर्डिंग पुसण्याचे कारणच नाही.

ताई (नागपूर)
भाऊ, माझा आयफोन आहे. मागे मी तो कार्यालयातील विंडोज कॉम्प्युटरला जोडला होता. काही फोटो उतरले आणि मग मध्येच त्रुटीची सूचना येऊन सर्व थांबले. जे उतरले त्यांतले काही उघडतही नव्हते.

भाऊ (यवतमाळ)
ताई, न उघडणारे फोटो खराब झालेले नाहीत. २०१७ पासून आयफोन फोटो ‘एचईआयसी’ या प्रकारात साठवतो. त्यात जागा कमी लागते, पण कित्येक विंडोज कॉम्प्युटरना तो प्रकार वाचता येत नाही. कॉम्प्युटरला जोडल्यावर फोन प्रत्येक फोटो ‘जेपीईजी’ या सगळीकडे उघडणाऱ्या प्रकारात बदलून देऊ लागतो, आणि त्या बदलाच्या ओझ्यानेच मध्ये अडखळतो. सेटिंग्जमध्ये फोटोंच्या विभागात अगदी खाली, मॅक किंवा पीसीवर हस्तांतर करण्याचा पर्याय आहे. तेथे ‘ऑटोमॅटिक’ काढून ‘कीप ओरिजिनल्स’ ठेवावे. मूळ फाइल तशाच उतरतील आणि त्या उघडण्याची सोय आपण लॅपटॉपवर करू. जोडल्याबरोबर या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का, असे फोन विचारील. तेथे होकार देऊन पासकोड टाकावा लागतो.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वी नागपूरलाच पाहून घ्यावी. आयक्लाउडमध्ये, म्हणजे ॲपलच्या इंटरनेटवरील साठ्यात, फोनची जागा वाचवण्याचा पर्याय चालू असेल तर मोठ्या मूळ फाइल फोनमध्ये नसून आयक्लाउडवर असू शकतात आणि हातात फक्त लहान प्रती असतात. गावी आल्यावर त्या मागवत बसायला नेटवर्क साथ देणार नाही. तुमच्या घरच्या वाय-फायवर मूळ फाइल फोनमध्ये उतरवूनच आणाव्यात.

धाकटा (पुणे)
भाऊ, लॅपटॉप कशाला? माझ्याकडे टाइप-सी पेन ड्राइव्ह आहे. तो सरळ फोनला लावून घेऊ. नाही तर एका फोनवरून दुसऱ्या फोनवर क्विक शेअर करू. त्याला इंटरनेटही लागत नाही.

भाऊ (यवतमाळ)
दोन्ही वाटा चांगल्या आहेत, आणि वायर सापडली नाही तर मी त्याच वापरीन. क्विक शेअर ब्लूटूथने जवळचा फोन शोधून वाय-फायने थेट फाइल देते, त्यामुळे टॉवर बंद असला तरी चालते. गूगलने ही सोय २०२० मध्ये निअरबाय शेअर या नावाने आणली आणि २०२४ मध्ये ती सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिळवली, म्हणून जुन्या फोनमध्ये नाव वेगळे दिसेल. शेअरइट आणि झेंडर ही फाइल पाठवण्याची ॲप मात्र कोणी कुठून शोधून बसवू नये. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ती होती, आणि भलत्याच संकेतस्थळावरून उतरवलेल्या ॲपला आपल्या फाइल पाहण्याची परवानगी देणे धोक्याचे आहे.

पेन ड्राइव्हबद्दल सांगायचे तर काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ओटीजी’ नावाचा, म्हणजे फोनला पेन ड्राइव्ह किंवा माउस जोडू देणारा, पर्याय सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावा लागतो, आणि थोडा वेळ वापर झाला नाही की तो आपोआप बंद होतो. पेन ड्राइव्ह खराब आहे असे समजून लोक दुकानात धावतात ते यामुळेच. फोनने पेन ड्राइव्ह ‘फॉरमॅट’ करायचा का असे विचारले तर ‘हो’ म्हणू नये, कारण तसे केल्यास त्यातील सर्व पुसले जाते.

मोठे बाबा (गावचे घर)
घरी एक पेन ड्राइव्ह आहे, ३२ जीबीचा. त्यावर धाकटीच्या लग्नाचा व्हिडिओ घेण्याचा प्रयत्न केला होता. जागा शिल्लक असूनही फाइल मोठी असल्याचे सांगून त्याने घेतला नाही. मला त्याचा उलगडा झाला नव्हता.

भाऊ (यवतमाळ)
मोठे बाबा, तो पेन ड्राइव्ह ‘फॅट३२’ या जुन्या मांडणीत असणार. तिच्यात एकूण जागा कितीही असो, एकेक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही, आणि लग्नाचा अखंड व्हिडिओ सहज त्याच्या पुढे जातो. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेल्या ‘एक्सफॅट’ मांडणीत ही अडचण नाही आणि ती विंडोज, मॅक व आताचे बरेचसे फोन वाचतात. पेन ड्राइव्हवरचे सर्व आधी दुसरीकडे घेऊन मी तो एक्सफॅटमध्ये बदलून देईन. हार्ड डिस्कही तशीच ठेवू, म्हणजे पुण्याच्या मॅकवर आणि इथल्या विंडोजवर दोन्हीकडे चालेल.

याच ओघात सांगतो, १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरवर ११९ जीबी दाखवतो. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

धाकटे काका (दारव्हा)
दिवाळीत विजेचा भरवसा नाही. मध्येच लाइन गेली तर काय होईल?

भाऊ (यवतमाळ)
काका, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याच कारणाने मी घरचा डेस्कटॉप न वापरता बॅटरी असलेला लॅपटॉप आणणार आहे. कोणीही ‘कट’ करून फाइल हलवू नये; नेहमी ‘कॉपी’ करावी. कट करताना वायर हलली किंवा वीज गेली तर एखादी फाइल इकडेही नाही आणि तिकडेही अपुरी, अशी स्थिती येऊ शकते. कॉपीत मूळ फाइल फोनमध्ये शाबूत राहते आणि फार तर काम पुन्हा सुरू करावे लागते.

कॉपी झाल्यावर फोनवरील आणि डिस्कवरील फोल्डरमधल्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते पाहायचे. त्यानंतर मोठे व्हिडिओ उघडून त्यांचा शेवटचा भाग चालवून पाहायचा, कारण अपुरी उतरलेली फाइल कधी कधी सुरुवातीला नीट चालते आणि शेवटी अडते. आजीची रेकॉर्डिंग मात्र मी एकूण एक पूर्ण ऐकणार आहे. डिस्क काढतानाही ‘इजेक्ट’ करूनच काढायची, कारण पडद्यावर काम संपलेले दिसले तरी डिस्कवर लिहिणे थोडे उरलेले असू शकते.

वेळेची चिंता नको. फोनचे तोंड टाइप-सी असले तरी आतली जोडणी पुष्कळदा यूएसबी २.० चीच असते, आणि तिचा वेग कागदावर सेकंदाला ६० एमबी असला तरी हातात त्याच्या निम्माच पडतो. तरीही ४० जीबी साधारण २५ मिनिटांत उतरेल. हजारो लहान फोटो असतील तर जास्त वेळ लागेल, कारण फोन कॉम्प्युटरला डिस्कसारखा खुला होत नाही, एकेक फाइल मागेल तशी देतो.

ताई (नागपूर)
सर्व एका डिस्कवर आले आणि ती डिस्कच बिघडली तर?

भाऊ (यवतमाळ)
म्हणूनच दोन डिस्क घ्याव्यात असे मला वाटते. एक मोठ्या बाबांच्या कपाटात राहील आणि दुसरी तुमच्याकडे नागपूरला. दोन्ही एकाच घरात ठेवल्या तर त्याचा उपयोग नाही. वर्षातून एकदा, महालक्ष्म्यांना सगळे जमतात तेव्हा, दोन्ही लावून पाहायच्या. आजीची गाणी एवढी लहान आहेत की ती त्याशिवाय प्रत्येकाच्या घरच्या कॉम्प्युटरवरही राहू शकतील. ज्याचे त्याने फोन रिकामे करायचे ते या दोन प्रती तपासून झाल्यावरच.

आत्या (मूर्तिजापूर)
माझ्या जुन्या फोनमध्ये आईची भुलाबाईची गाणी आहेत, शिवाय शकुंतला ही आपली छोटी रेल्वेगाडी चालू होती तेव्हा आपण सगळे दारव्ह्याहून बसलो होतो तो व्हिडिओही आहे. पण तो फोन हातातून पडला आणि त्याचा पडदा बोटाला दाद देत नाही. चित्र दिसते. दुकानदार म्हणाला की नवीन पडद्याचा खर्च फोनच्या किमतीएवढा होईल, म्हणून तसाच ठेवला आहे. तो टाकून द्यावा का?

भाऊ (यवतमाळ)
आत्या, मुळीच टाकू नका, आणि कोणाला विकूही नका. चित्र दिसते आहे म्हणजे काम होण्यासारखे आहे. ओटीजीची लहान जोडणी लावून फोनला कॉम्प्युटरचा साधा माउस जोडता येतो. पडद्यावर बाण दिसतो, आणि त्याने पिन टाकून फोन उघडता येतो. मग माउस काढून वायर लावायची. फाइल ट्रान्सफर निवडण्यासाठी पुन्हा बोटाची गरज पडली, तर माउस आणि पेन ड्राइव्ह दोन्ही लागतील असा यूएसबी हब मी घेऊन येईन आणि सरळ पेन ड्राइव्हवरच कॉपी करू.

त्या फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर फोन बंद करून ते काढून पाहा. गाणी त्यावर असतील तर कार्ड रीडरमध्ये लावताच दिसतील. कार्ड फोनची आतली जागा म्हणून जोडलेले असेल तर ते बाहेर वाचता येत नाही, अशा वेळी ते परत त्याच फोनमध्ये ठेवा. कोणी ‘रिसेट करून पाहू’ म्हटले तर करू देऊ नका, कारण त्याने आतले सर्व जाते. फोनचा पिन तेवढा आठवून ठेवा. आताच्या फोनमधील साठा कुलूपबंद असतो आणि पिनशिवाय माउसचाही उपयोग होणार नाही.

आत्या (मूर्तिजापूर)
पिन मला पाठ आहे. मागचे झाकण निघत नाही, बाजूला बारीक छिद्र असलेली खाच आहे.

भाऊ (यवतमाळ)
तेच कार्डाचे घर आहे. फोनच्या खोक्यातली धातूची बारीक पिन त्या छिद्रात दाबली की खण बाहेर येतो. तो न निघाल्यास जोर लावू नका. फोन तसाच दिवाळीला घेऊन या आणि आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवा.

मोठे बाबा (गावचे घर)
ठरले तर मग. दोन डिस्कचा खर्च मी करतो. ज्यांच्याकडे मूळ वायर आहे त्यांनी ती आणावी, आणि काकूंच्या फोनमधल्या ओव्या सर्वांत आधी उतरवाव्यात.