रिसेप्टरची 'उलाढाल' म्हणावं का?

परभणीकर : अकरावी-बारावीच्या पोरांसाठी मेंदूवर लेख लिहायलोय. सिनॅप्सवरच्या (चेतापेशी जिथं दुसऱ्या पेशीला संदेश देते तो सांधा) रिसेप्टरच्या (संदेशाचं रसायन पकडणारं प्रथिन) 'टर्नओव्हर'ला 'उलाढाल' चालंल का? रिसेप्टरला 'ग्राही' लिहितोय, त्यावर वाद नको.

जालना मोंढा : उलाढाल आमच्याकडं मोंढ्यात, सर. आकडा वाढला म्हणजे धंदा वाढला. ग्राहींचं तसं असतं का?

लातूरची ताई : तसं नाही. संख्या बहुधा तेवढीच राहते, जुने ग्राही जाऊन नवे येतात. स्नायूवरचा ॲसिटिलकोलिनचा (चेतातंतू स्नायूला संदेश देतो ते रसायन) ग्राही घ्या. चेतातंतू शाबूत असेल तर त्याचा अर्धायुकाल (निम्मे ग्राही जायला लागणारा वेळ) साधारण 10 दिवस. तंतू तुटला की स्नायू जे नवे ग्राही बनवतो, त्यांचा जेमतेम एक दिवस. हे मोजता आलं ते तैवानकडच्या पट्टेरी मण्यारीमुळं. तिच्या विषातलं अल्फा-बंगारोटॉक्सिन ग्राहीला चिकटलं की सहसा सुटत नाही. त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडायचं, स्नायूला लावायचं आणि खूण किती दिवसांत ओसरते ते बघायचं. (आपल्या शिवारातली मण्यार चावली की पापण्या जड होतात, पुढं श्वास अडतो. तीही त्याच कुळातली.)

परभणीकर : मग 'ग्राहीपालट'? खांदेपालट, ऋतुपालट आहेच की. आणि ग्राही पेशीच्या पटलावर (बाहेरच्या आवरणावर) इकडंतिकडं हलतात, त्याला 'स्थलांतर'?

जालना मोंढा : पालट झकास. स्थलांतर नको. बीडच्या पोराला ऊसतोडच आठवंल, कोयता घेऊन ठरलेल्या कारखान्याला निघालेली.

लातूरची ताई : बरोबर बोललात दादा, ग्राहीला ठरलेलं ठिकाण नसतं. पॅरिसच्या संशोधकांनी 2003 मध्ये ग्लायसीनच्या (हेही संदेशाचं एक रसायन) एकेका ग्राहीला क्वांटम डॉट (चमकणारा अतिसूक्ष्म कण) जोडून त्याचा माग काढला. सिनॅप्सबाहेर तो पटलावर कसाही भटकतो. आत शिरला की मंदावतो, कारण खालचं गेफिरिन नावाचं प्रथिन त्याला धरतं. पण ती पकड कायमची नसते, तो सुटून पुन्हा बाहेरही पडतो. या भटकण्याला पुस्तकी शब्द 'विसरण'.

नांदेडचा एक : 'पालट' कशाला म्हणायचं तेही लेखात स्पष्ट करा. पटल आत वळून ग्राही पेशीत ओढला गेला म्हणजे तो संपला असं नाही. बरेच ग्राही परत पृष्ठभागावर येतात. लयकारिकेत (पेशीतली मोडतोड करणारी पिशवी) गेले तेच मोडीत निघाले आणि त्यांच्या जागी नवे आले, तोच पालट. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात बिघडतं ते इथंच. प्रतिपिंडं (अँटीबॉडी) स्नायूवरचे दोन-दोन ग्राही एकत्र जखडतात, ते भराभर आत ओढून मोडले जातात, नवे तेवढ्या वेगानं पुरत नाहीत आणि स्नायू थकतो.

परभणीकर : समजलं. पण ताई, 'विसरण' घोळ घालंल. लेखात स्मरणशक्तीचाही भाग आहे. 'अँपा ग्राहींचे (मेंदूतल्या ग्लुटामेट या रसायनाचे ग्राही) विसरण' म्हटलं की पोरं विसरणं समजतील, आणि ग्राही सिनॅप्समधून निघून गेले की तिथला दुवा खरंच दुबळा होतो!

लातूरची ताई : मग 'भटकणं'च लिहा. 'विसरण' एकदाच द्या, व्याख्येपुरतं.