'टू सेंट्स' म्हणजे रेट कमी करा असं आहे का?

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या युनिटमध्ये ऑफिसला आहे. अमेरिकेतल्या बायरचा मेल आलाय, पॅकिंग आणि बॉर्डरच्या कलरबद्दल बरंच लिहून शेवटी 'जस्ट माय टू सेंट्स' असं टाकलंय. आमचे अकाउंटवाले म्हणलालेत पीसमागं दोन सेंट कमी मागतोय. खरंय का? रिप्लाय द्यायचाय, लवकर सांगा कोणीतरी.

— ओ थांबा, कोटेशनला हात लावू नका! रेटचा काही संबंध नाही. शंभर सेंटचा एक डॉलर, त्यातले दोन म्हणजे नुसती चिल्लर, तर 'हे आपलं माझं मत, पटलं तर घ्या नायतर सोडा' असं नम्रपणे म्हणतोय तो. आपण मोठ्यांपुढं 'लहान तोंडी मोठा घास घेतोय' म्हणून सुरू करतो ना, तसंच. ब्रिटनमध्ये हेच पेनीत मोजतेत, टपन्स वर्थ म्हणून. उगमाबद्दल एकमत नाही, कोणी बायबलमधल्या गरीब विधवेनं दान केलेल्या दोन नाण्यांकडं बोट दाखवतं, कोणी पोकरच्या डावात बसायला टाकायच्या किरकोळ पैशाकडं, आणि १८८३ मध्ये अमेरिकेत पत्राचं टपाल तीनवरून दोन सेंटवर आलं, म्हणून मत कळवायचा खर्च तेवढाच असंही सांगतेत. मला तिकिटाची गोष्ट जरा नंतर जुळवल्यासारखी वाटते, कारण 'अ पेनी फॉर युवर थॉट्स' ही म्हण जॉन हेवूडच्या १५४६ च्या म्हणीसंग्रहातच आहे, म्हणजे मतं चिल्लरीत मोजायची खोड लई जुनी. पण हे स्वतःबद्दलच बोलायचं हां! दुसऱ्याबद्दल 'ही ऑलवेज हॅज टू पुट इन हिज टू सेंट्स' म्हणलं की अर्थ होतो, कोणी विचारलं नाही तरी मध्ये तोंड घालतोय.

— भारी. मग रिप्लायमध्ये 'थँक्स फॉर युवर टू सेंट्स' लिहू का?

— नको ओ! त्यानं स्वतःच्या मताला चिल्लर म्हणलं म्हणून आपण म्हणायचं नसतंय. कार्यक्रमात पाहुणे 'दोन शब्द बोलतो' म्हणून अर्धा तास घेतेत, तरी आभार मानणारा 'मौलिक मार्गदर्शन' असंच म्हणतो की. सरळ 'थँक्स फॉर युवर सजेशन्स' लिहा, आणि बॉर्डरचा कलर बदलून सॅम्पल पाठवा, बायरनं टू सेंट्स म्हणून लिहिलेलं बहुतेक वेळा करायलाच लागतंय.