स्की टेकडीवर स्वयंसेवक व्हायचंय: ओईसी (स्की पेट्रोलचा प्रथमोपचार कोर्स) करू की वाइल्डरनेस फर्स्ट एड?

पूर्वा_मिनेसोटा

आम्ही मिनियापोलिसच्या दक्षिणेला राहतो. जवळच्या स्की टेकडीची उंची जेमतेम साडेतीनशे फूट, पण हिवाळाभर शाळांच्या सहली, रात्रीचं स्कीइंग, शर्यती असं सगळं चालतं. पुढच्या हिवाळ्यापासून तिथल्या स्की पेट्रोलमध्ये (उतारावर जखमींना मदत करणाऱ्या पथकात) स्वयंसेवक म्हणून जायचं मनात आहे. माहीतगारांनी मार्गदर्शन करावं.

निळ्या (मध्यम) उतारावर मी निर्धास्त असते, काळ्यावर (अवघड) सावकाश पण ताब्यात उतरते. एवढं पुरतं का? नवरा स्नोबोर्ड करतो, त्याला घेतात का? प्रथमोपचारातलं म्हणाल तर ऑफिसमध्ये शिकवलेलं सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून द्यायचा उपचार) तेवढं झालंय. मे महिन्यात इथे दोन दिवसांचा वाइल्डरनेस फर्स्ट एडचा (रानातल्या प्रथमोपचाराचा) कोर्स आहे आणि जूनमध्ये त्याच विषयाचा नऊ दिवसांचा, जास्त सखोल वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डरचा. पेट्रोलसाठी कोणता करू? उन्हाळ्यात आम्ही बाउंडरी वॉटर्सला (उत्तर मिनेसोटातल्या तळ्यांच्या रानात) कनू घेऊन जातो आणि भारतात आलो की सह्याद्रीत ट्रेक असतात, तिथेही उपयोग झाला तर बरं. शिवाय मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, त्याची काही अडचण?

उतरणकर

पेट्रोलसाठी या दोन्हींपैकी एकही करू नका. आधी टेकडीच्या पेट्रोल डायरेक्टरला गाठा, तेही हंगाम संपायच्या आत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये. नव्या उमेदवारांची निवड तेव्हाच सुरू असते आणि तुमचं स्कीइंग बर्फ असतानाच बघता येतं. ऑगस्टमध्ये ईमेल केला तर बरेचदा वर्ष वाया जातं.

अमेरिकेतली बहुतेक स्वयंसेवी पेट्रोलं नॅशनल स्की पेट्रोलशी जोडलेली आहेत. या संस्थेचा स्वतःचा कोर्स आहे, आउटडोअर इमर्जन्सी केअर, म्हणजेच ओईसी. साधारण ऐंशी ते शंभर तासांचा. थोडा भाग ऑनलाइन, बाकीचा आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी आणि काही शनिवारी. बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होऊन टेकडी उघडायच्या सुमारास संपतो. शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन परीक्षा. ऑफिसातलं सीपीआर चालत नाही. आरोग्यसेवकांसाठीचं असतं ते लागतं, ज्यात बॅग-मास्क (पिशवी दाबून श्वास देणं), एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणि दोन जणांनी मिळून करायचं सीपीआर येतं. नंतर दर शरद ऋतूत रिफ्रेशर: अभ्यासक्रमाचे तीन भाग केलेले आहेत, दर वर्षी एक, तीन वर्षांत फेरी पूर्ण.

लेखी परीक्षेत फारसं कोणी अडकत नाही, प्रात्यक्षिकात अडकतात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. समोर वाकडा झालेला हात दिसला की उमेदवार थेट हाताकडे धावतो. जागा सुरक्षित आहे का, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे, कुठे जोरात रक्त जातंय का, हे बघायचं राहून जातं. हा क्रम बोलत बोलत करायची सवय लावा. परीक्षकाला तुमच्या मनातलं ऐकू येत नाही, आणि खऱ्या प्रसंगी जोडीदारालाही येत नाही.

स्कीइंगबद्दल: वेग आणि स्टाइल कोणी मोजत नाही. टेकडीवरचा कुठलाही उघडा उतार, कसल्याही बर्फात, ताब्यात उतरता यायला हवा. तुमच्या वर्णनावरून पाया आहे. या हंगामात दोनच गोष्टी घोटा: दोन्ही बाजूंनी साइड-स्लिप (स्की उताराला आडव्या ठेवून घसरत उतरणं), आणि रुंद वेज (स्कींची पुढची टोकं जवळ, मागची फाकवलेली) धरून सरळ फॉल लाइनमध्ये, म्हणजे थेट उताराच्या दिशेने, खाली येणं. कडक झालेल्या बर्फावर उजव्या बाजूने नीट आणि डाव्या बाजूने घसरगुंडी असं बहुतेकांचं असतं. टोबोगन (जखमीला खाली न्यायची बर्फावरची घसरगाडी) हातात आल्यावर नेमकी ती कच्ची बाजू वापरावी लागते.

स्नोबोर्डरला घेतात, खुशाल अर्ज करू द्या. फक्त सपाट पट्ट्यांवर भरलेली टोबोगन नेताना बोर्डवर वेग टिकवणं अवघड जातं, तो भाग त्यांना जास्त घोटावा लागेल. टोबोगन ओढायचीच नसेल तर काही टेकड्यांवर फक्त उपचार-खोली सांभाळणारे पेट्रोलर असतात, आणि उपचारांशी संबंध नसलेले, पाहुण्यांना मदत करणारे माउंटन होस्टही.

या सगळ्याचं मूळ सांगण्यासारखं आहे. १९३६ मध्ये मिनी डोल नावाच्या गृहस्थांचा घोटा स्कीइंग करताना व्हरमाँटमधल्या स्टोव इथे मोडला. मदतीची काही सोयच नव्हती. मित्रांनी छपराच्या पत्र्यावर घालून त्यांना खाली ओढत आणलं. त्याच वर्षी त्यांचे मित्र फ्रँक एडसन शर्यतीत जखमी होऊन वारले. यातून १९३८ मध्ये नॅशनल स्की पेट्रोल उभी राहिली. आजची टोबोगन, ओईसी, लाल जॅकेटवरचा पांढरा क्रॉस, सगळं त्या पत्र्यापासून पुढे आलेलं आहे.

रानवाट

उतरणकरांशी सहमत, पण वाइल्डरनेस कोर्स बाद करू नका. दोन्हींचा हेतू वेगळा आहे.

ओईसी धरून चालते की रेडिओवर मागितलं की काही मिनिटांत ऑक्सिजन, स्प्लिंट (मोडलेला अवयव स्थिर ठेवायचा आधार), टोबोगन आणि आणखी दोन माणसं येतील, खाली उबदार खोली असेल आणि तिच्या दाराशी ॲम्ब्युलन्स. वाइल्डरनेसवाले धरून चालतात की पक्क्या वैद्यकीय मदतीपर्यंत पोचायला तासाहून जास्त लागणार, कधी दोन दिवस. त्यामुळे शिकवण्याचा भर बदलतो. टेकडीवर प्रश्न असतो ‘खाली कसं न्यायचं’. रानात प्रश्न असतो ‘हलवायचं का, आत्ता की सकाळी, चालत की उचलून, आणि तोवर याला उबदार, कोरडं, खाऊपिऊ घालून कसं ठेवायचं’. जखम स्वच्छ पाण्याच्या दाबाने भरपूर धुणं, निखळलेला खांदा किंवा गुडघ्याची वाटी जागेवर बसवणं, मणक्याला दुखापत नसल्याची पद्धतशीर खात्री करून माणसाला चालवत नेणं, ही कामं ॲम्ब्युलन्स जवळ असताना सहसा कोणी करत नाही. फर्स्ट रिस्पॉन्डरच्या सत्तर-ऐंशी तासांत ती शिकवतात. दोन दिवसांच्या कोर्समध्ये त्यातलं थोडंच बसतं.

बाउंडरी वॉटर्ससाठी दोन दिवसांचा कोर्स पुरेसा, आणि मेमध्ये तो करून ठेवलात तर शरदात ओईसी सोपी जाईल, कारण तपासणीचा क्रम सारखाच आहे. नऊ दिवसांचा कोर्स लोकांना रानात घेऊन जायची जबाबदारी अंगावर असेल तर करा. प्रमाणपत्र बहुधा दोन वर्षं चालतं.

तिथल्या पाण्यात मे-जूनमध्येही कनू उलटणं म्हणजे गारठ्याचं संकट, तेव्हा हायपोथर्मियाची (अंगाचं तापमान धोकादायक उतरण्यावरची) गुंडाळी हाताने करून बघा. खाली जाड मॅट, त्यावर ताडपत्री, त्यात कोरड्या कपड्यातला माणूस स्लीपिंग बॅगसकट, आणि ताडपत्री दोन्ही बाजूंनी घट्ट लपेटून घ्यायची, तोंड मोकळं. गरम पाण्याच्या बाटल्या काखेत आणि छातीवर, पण कापडात गुंडाळून. थेट कातडीला लावली तर भाजते, गारठलेल्या माणसाला ते कळत नाही. कुडकुडतोय आणि नीट बोलतोय तोवर गोड, गरम पेय द्या. कुडकुडणं थांबलं आणि बोलणं अडखळायला लागलं की बरा झाला असं समजू नका, तो खालावलाय. त्यानंतर त्याला चालवायचं नाही, चोळायचं नाही, आडवाच हळुवार हलवायचा. धक्क्याने थंड हृदयाची लय बिघडू शकते.

सह्याद्रीत चित्र उलटं. कातळावरून पडणं आणि उष्माघात ही तिथली मोठी संकटं, मग आग्या मोहोळ आणि साप. साप चावला की कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही नको; अंगठ्या-कडी काढा, अवयव हलू देऊ नका आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा. उष्माघातात आधी अंग थंड करायचं, हलवायचं नंतर. आणि महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या बचाव तुकड्यांचा समन्वय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर करतं, त्यांचा मदत क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये घालून घ्या. गडावर रेंज मिळेलच असं नाही, म्हणून तो गटातल्या सगळ्यांकडे हवा आणि गावात थांबलेल्या कोणाकडे तरी परतायची वेळ सांगून ठेवलेली हवी.

शलाका_व्हरमाँट

टेकडीवर प्रत्यक्षात काय येतं ते सांगते, म्हणजे तयारीची दिशा कळेल.

स्नोबोर्डर पडतो तो हात टेकून, म्हणून मनगट, मग खांदा आणि गळपट्टीचं हाड. स्कीअरचा गुडघा पिरगळतो. काठी हातात राहिली तर अंगठ्याच्या मुळाशी लिगामेंट जातं. लहान मुलांत बुटाच्या वरच्या काठाशी नडगी मोडते. टेरेन पार्कमधून (उड्या मारायच्या भागातून) ‘पोटात जरासं दुखतंय’ म्हणत चालत आलेल्या मुलाला मात्र कधीही घरी पाठवू नका. डाव्या बरगड्यांखाली दुखतंय, डावा खांदाही काहीच लागलं नसताना दुखतोय, नाडी दर पाच मिनिटांनी वाढतेय, असं असेल तर प्लीहा फाटलेली असू शकते. तिथे स्प्लिंटमध्ये वेळ घालवायचा नसतो, थेट ॲम्ब्युलन्स.

पोचल्यावर पहिलं काम: स्की काढून जखमीच्या वरच्या अंगाला, उतारावर, इंग्रजी एक्ससारख्या फुलीत रोवा, म्हणजे वरून येणारे वळतील. मग रेडिओ. उताराचं नाव आणि लिफ्टचा जवळचा खांब, अंदाजे वय, काय दुखावलंय, शुद्ध आहे का, आणि काय हवंय. ‘पाय गेलाय, लवकर या’ एवढंच सांगितलं की वरून चुकीची स्प्लिंट येते आणि जखमी आणखी दहा मिनिटं बर्फावर पडून राहतो. तोवर त्याच्याखाली काहीतरी सरकवा; मिनेसोटाच्या थंडीत वरून घातलेल्या ब्लँकेटपेक्षा खालचं अंथरूण महत्त्वाचं.

घोटा किंवा नडगी असेल तर स्की-बूट सहसा टेकडीवर काढत नाहीत. तो स्वतःच आधार देतो आणि पाय गरम ठेवतो. खाली खोलीत दोघांनी काढायचा, एक जण पाय धरून, दुसरा बकल सोडून कवच फाकवत. स्प्लिंट बांधण्याआधी आणि नंतर टोकाकडची नाडी, हालचाल, संवेदना तपासायची. बांधल्यानंतरची तपासणी नवे लोक हमखास विसरतात, आणि पट्टी घट्ट झाली तर ती तिथेच कळते. मांडीच्या हाडाला ट्रॅक्शन स्प्लिंट (पाय ताणून धरणारी) फक्त मधल्या भागाच्या मोडीला. गुडघा, खुबा, घोट्यालाही मार असेल तर नाही.

टोबोगनमध्ये ठेवताना साधारण नियम असा की दुखावलेला भाग उताराच्या वरच्या बाजूला. म्हणजे पाय मोडलेल्याचं डोकं खाली येतं. लोक बिचकतात, पण उलटं ठेवलं तर ब्रेक लागताना सगळा भार मोडलेल्या पायावर जातो. डोक्याला मार किंवा श्वासाला त्रास असेल तर डोकं वर. तुमच्या पेट्रोलचा नियम वेगळा असेल तर तोच पाळा.

ओढताना पुढचा माणूस दांड्यांमध्ये, फॉल लाइन धरून. तिरकं जायला लागलं की मागचा भाग खालच्या अंगाला झोकांडतो; टोबोगन उलटायची सुरुवात तिथूनच होते. चढा उतार साइड-स्लिपने, सौम्य उतार वेजने, आणि साखळीचा ब्रेक उतार चढा व्हायच्या आधी टाकायचा, मध्यावर थांबून नाही. मागे दोर धरणाऱ्याने तो मनगटाला किंवा कंबरेला कधीही बांधू नये. हातात धरायचा, सोडता यायला हवा.

लिफ्ट बंद पडली तर लोकांना दोराने उतरवायचा सरावही दर हंगामाआधी असतो. त्याला दांडी मारू नका. तो प्रसंग क्वचित येतो, पण आला की पन्नास-साठ माणसं थंडीत लटकलेली असतात.

पूर्वा_मिनेसोटा

सगळ्यांचे मनापासून आभार. डायरेक्टरना आजच लिहिते. पेट्रोलरच्या व्हेस्टमध्ये (खिशांच्या जाकिटात) काय काय ठेवायचं? आणि व्हिसाचं कोणाला माहीत आहे का?

शलाका_व्हरमाँट

नायट्राइल हातमोज्यांचे पाच-सहा जोड (तुमच्या स्की-ग्लोव्हच्या आतल्या पातळ मोज्यावरून चढतील असे एक माप मोठे), त्रिकोणी पट्ट्या सहा, गुंडाळीची पट्टी चार, चार इंची गॉज दहा-बारा, टुर्निके (रक्तस्राव थांबवायला आवळायचा पट्टा) एक, वाकवता येणारी फोमची स्प्लिंट एक, कपडे कापायची कात्री, पॉकेट मास्क (तोंडाने श्वास देताना लावायचा), चिकटपट्टी, ग्लुकोज जेल, फॉइल ब्लँकेट, शिट्टी, हेडलॅम्प, पेन्सिल आणि पाण्यात न विरघळणारी वही. थंडीत बॉलपेन लिहीत नाही. चिकटपट्टी, जेल आणि हेडलॅम्पच्या बॅटऱ्या व्हेस्टमध्ये नाही, जॅकेटच्या आतल्या खिशात. उणे वीसला चिकटपट्टी चिकटत नाही. म्हणूनच त्रिकोणी पट्ट्या जास्त ठेवायच्या, गाठ मारली की काम होतं.

एईडी व्हेस्टमध्ये नसतो, तो वरच्या चौकीत किंवा लिफ्टच्या तळाशी असतो. पहिल्याच पाळीला कुठे आहे ते बघून ठेवा. आणि पॅड लावण्याआधी छाती कोरडी पुसा, बर्फाने ओली असतेच.

उतरणकर

व्हिसाबद्दल मंचावरच्या कोणाच्याही सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासकट. इमिग्रेशन वकिलाला नेमकं हे विचारा: संस्था ना-नफा आहे, पण टेकडी खासगी कंपनीची आहे, आणि पाळ्यांच्या बदल्यात तुम्हाला आणि घरच्यांना सीझन पास किंवा सवलती मिळतात. हे मोबदल्यात धरलं जाईल का, हा कळीचा प्रश्न आहे. लेखी उत्तर घ्या आणि ते येईपर्यंत पासच्या कागदांवर सही करू नका. ओईसीला नाव नोंदवणं हा निव्वळ कोर्स आहे, पाळ्या भरणं वेगळं, तेव्हा वकिलाला दोन्ही वेगवेगळे विचारा.