‘शॉर्टकट ओव्हरराइड करणे’ला मराठीत काय म्हणता?

नवीपेठ: चादर-टॉवेलच्या दुकानदारांसाठी एक बिलिंग सॉफ्टवेअर आहे, त्याचे मराठी मेनू करायला घेतलेत. एका बटणावर ‘ओव्हरराइड डिफॉल्ट शॉर्टकट’ आहे (कीबोर्डचे शॉर्टकट), मी ‘मूळ शॉर्टकट रद्द करा’ लिहिलं पण पटेना. काय लिहू?

साखरपेठ: रद्द म्हणजे संपलंच की ते. इथं मूळ शॉर्टकट कुठं जात नाही, तेवढ्या विंडोपुरता गप्प बसतो, दुसरी विंडो उघडली की हाय तिथंच. आणि नुसतं रोखून भागत नाही, त्या जागी आपलं काम लावायचं असतं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला माणूस कंट्रोल+आर दाबतो ते मागच्या व्हाउचरचं नॅरेशन (खालची तपशिलाची ओळ) आणायला, आणि सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉनवर (अ‍ॅप बनवायचं एक साधन) केलेलं असलं आणि त्याचा तयार मेनू तसाच ठेवला असला तर तेच कंट्रोल+आर अख्खी विंडो रीलोड करतं, अर्धं भरलेलं बिल गेलं उडत. त्याला नॅरेशन पायजे, रीलोड बंद झालेलं सांगून काय उपयोग.

विडीघरकुल: ‘अधिक्रमित करा’ लिही की, सरकारी कागदात असतं.

साखरपेठ: काय बोल्लालास बे! दुकानदार ते अतिक्रमण वाचणार आणि महापालिकेची गाडी आली म्हणून माल आत घेणार.

जुळेसोलापूर: माझं मत ‘डावलणे’. सीनियरला डावलून ज्युनियरला बढती दिली म्हणतो ना, सीनियर नोकरीतच असतो, फक्त त्याचा नंबर दुसऱ्याला जातो. क्यूटी म्हणून अ‍ॅप बनवायचं दुसरं साधन आहे, त्यात तर हे उघडच दिसतं, कीबोर्डवर शॉर्टकटचं बटण दाबलं की शॉर्टकट चालायच्या आधी फोकस असलेल्या विजेटला (म्हणजे आपण ज्या रकान्यात टाइप करतोय त्याला) ‘शॉर्टकट-ओव्हरराइड’ नावाचा इव्हेंट, म्हणजे निरोप जातो, म्हणजे तुला हवंय का असं विचारणंच, आणि त्यानं घेतलं तर ते साधं बटण दाबल्यासारखं त्याच्याकडेच येतं, शॉर्टकट चालतच नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मानाचा नंदीध्वज पुढं असतो तसा मान इथं फोकसला.

नवीपेठ: अर्थ बरोबर बसतोय, पण डावलणे म्हटलं की कुणावर तरी अन्याय झाल्यासारखं वाटतं. बटणावर ‘मूळ शॉर्टकट डावला’ कसं दिसेल?

जुळेसोलापूर: बटणावर नको, वाईट दिसेल. तिथं ‘स्वतःचे शॉर्टकट वापरा’. खाली बारीक अक्षरात ‘या विंडोत मूळ शॉर्टकट डावलून तुमचे चालतील’. आणि ‘पूर्वनिर्धारित’ कृपया नको, ‘मूळ’च बरं.

साखरपेठ: त्या बारीक अक्षरात हे पण टाक, कंट्रोल+ऑल्ट+डिलीट डावलता येत नाही, ते विंडोज स्वतःच धरतं, साध्या अ‍ॅपपर्यंत येऊच देत नाही. नाहीतर कोणतरी तेच सेट करत बसणार आणि फोन तुला येणार.

विडीघरकुल: मी तर ओव्हरराइडच म्हणतो बाबा, आमच्या एमआयडीसीत सगळे तेच म्हणतात.