जुना पोलिश टोकारेव (पिस्तूल) घेतलाय, नळीत डाग दिसतात. चालवावा का?

बिनकामाचा_इंजिनिअर

नमस्कार मंडळी. परवाना, नोंदणी सगळं रीतसर झालंय, तेव्हा ती चर्चा इथे नको. माझा प्रश्न लोखंडाचा आहे.

लष्कराच्या जुन्या साठ्यातलं एखादं पिस्तूल घ्यायचं दोन वर्षं डोक्यात होतं. रेंजवर मित्रांची नवी पिस्तुलं चालवली आहेत. चांगली चालतात, पण घरी आल्यावर कुठलं कोणाचं होतं तेही आठवत नाही. शेवटी विक्रेत्याने समोर दोन ठेवली. एक पोलंडच्या राडोमचा टोकारेव, स्लाइडवर (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) १९५३ आणि लंबगोलात ११ चा आकडा, मुठीवर त्रिकोणात एफबी. दुसरं चेकोस्लोव्हाकियाचं व्हीझेड ५२. दोन्हींचं काडतूस एकच, ७.६२ बाय २५. व्हीझेड ५२ दिसायला जास्त झोकदार होतं, पण हातात घेतल्यावर मूठ काही माझी वाटेना. टोकारेव सपाट, कसलाही नखरा नाही. एखाद्या कडक हेडमास्तरांसारखा. तोच घेतला.

स्लाइड आणि फ्रेमवरचे नंबर जुळतात. वरचा निळा रंग इतका छान आहे की मला तिथेच शंका यायला हवी होती. घरी आणून उघडला तर आत मधासारखं घट्ट ग्रीस, आणि नळीतून उजेडाकडे पाहिलं तर काळे ठिपके. विक्रेता म्हणाला होता, "एकदम नव्यासारखा आहे." सोबत जुन्या लष्करी काडतुसांचा सीलबंद डबाही घेतलाय. ती क्षार सोडतात असं ऐकलंय, म्हणजे नक्की काय ते कळलं नाही.

आता हा चालवावा की काचेच्या कपाटात ठेवावा? चालवायचा तर आधी काय बघू?

रानडुक्कर७

कपाटात ठेवा. गोळ्या झाडायला नवं नाइन एमएम घ्या, म्हाताऱ्याला कशाला पळवताय?

कानस_काका

रानडुक्करराव, म्हातारा बसून राहिला तरच गुडघे धरतात.

इंजिनिअरसाहेब, मी आयुष्यभर टूलरूममध्ये कानस घासली, त्यामुळे माझा सल्ला तुम्हाला मशीनवाल्याचा वाटेल. आधी शब्द नक्की करू. मी घोडा म्हणेन तो मागचा हॅमर, आणि बोटाने दाबतो तो चाप. आपल्याकडे "घोडा दाबला" म्हणताना दोन्ही एकच करून टाकतात आणि मग दुरुस्तीच्या गप्पांत घोळ होतो.

निळ्या रंगाचं मनावर घेऊ नका. साठ्यात जाण्याआधी ही पिस्तुलं पुष्कळदा कारखान्यात परत जाऊन साफ होतात, जुना रंग काढून नवा चढतो. रंग नवा म्हणजे पिस्तूल नवं नव्हे. त्याच्या खाली पॉलिशने गोल झालेल्या कडा आणि पुसट झालेले शिक्के शोधा, त्यावरून कळेल म्हाताऱ्याला किती वेळा न्हाऊ घातलंय.

मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) रिकामं आहे हे डोळ्याने पाहा आणि बोट घालूनही पाहा. मग फ्रेमच्या उजव्या बाजूची चपटी क्लिप मागे सरकवा, स्लाइड स्टॉप डावीकडून ओढा, स्लाइड नळीसकट पुढे निघते. घोडा आणि त्याची सगळी यंत्रणा एका ठोकळ्यात वर उचलून बाहेर येते. फ्योदोर टोकारेवने केलेलं हे काम मला आजही आवडतं. सैनिकाला बारीक पिना आणि स्प्रिंगा शोधत चिखलात रांगावं लागत नाही.

नळीतल्या ठिपक्यांवर आत्ताच निकाल देऊ नका. ब्रशने आणि सॉल्व्हंटने दोनतीनदा घासा, मग पाहा. अर्धे डाग जुनं ग्रीस आणि तांबं असतं. उरतील ते गंजाचे खड्डे. नळीतल्या आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या) कडा स्पष्ट असतील तर थोड्या खड्ड्यांनी काही अडत नाही, साफसफाईला जास्त वेळ लागतो एवढंच. पण आत कुठे पूर्ण गोल अंगठीसारखी सावली दिसली तर थांबायचं. कधीतरी एक गोळी आत अडकली असताना मागून दुसरी झाडली गेली आणि नळी तिथे फुगली, असा त्याचा अर्थ. नळीवर बाहेरून बोट फिरवा, फुगवटा लागतो. अशी नळी वापरायची नाही, बदलायची.

नळीवरचे कुलपाचे उंचवटे आणि स्लाइडमधल्या त्यांच्या खाचा पाहा. कडा चौकोनी हव्यात. साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील तर गनस्मिथकडे न्या. हेडस्पेस, म्हणजे बंद स्लाइड आणि काडतूस यांच्यातलं माप, तर त्याच्याकडून गेजने मोजून घ्याच, ते डोळ्याने कळत नाही. रिकॉइल स्प्रिंग मी न विचारता बदलतो. सत्तर वर्षांची स्प्रिंग चांगली आहे का हे तपासत बसण्यापेक्षा नवी घालणं सोपं.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी एवढं लांब लिहितोय. माझं पहिलं जुनं पिस्तूल मकारोव होतं. नळी आरशासारखी होती, म्हणून मी बाकी काही उघडलंच नाही. मकारोवच्या फायरिंग पिनला (काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई) मागे ढकलणारी स्प्रिंग नसते, पिन आपल्या भोकात नुसती मोकळी खेळते. माझ्या पिस्तुलात त्या भोकात जुनं ग्रीस घट्ट होऊन पिन पुढच्या टोकाला चिकटली होती. रेंजवर मॅगझिन घातलं, स्लाइड सोडली आणि चापाला बोट लागायच्या आधी गोळी उडाली. तोंड मातीच्या बांधाकडे होतं म्हणून फक्त माझी भंबेरी उडाली. शेजारच्या लेनवाल्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. चूक विकणाऱ्याची नव्हती. त्याने कधी उघडलं नव्हतं, आणि मीही नाही.

टोकारेवच्या पिनला स्प्रिंग असते, त्यामुळे धोका कमी, पण ग्रीसपुढे ती स्प्रिंगही हरते. पिन काढा, भोक कानकाडीने पुसा, कोरडी परत बसवा. मागून दाबून सोडल्यावर पिन लगेच परत आली पाहिजे. ग्रीस काढायला मिनरल स्पिरिट चांगलं, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. साफ झाल्यावर रिकाम्या पिस्तुलाचा घोडा ताणा आणि अंगठ्याने मागून पुढे जोर लावा. पडला तर सिअर (ताणलेला घोडा अडवून धरणारा खटका) झिजलाय, रेंजवर नेऊ नका.

व्हीझेड ५२ सोडलंत ते एका अर्थी बरं झालं. रोलरचं कुलूप म्हणजे कारागिरीचा नमुना, पण व्हीझेडची पिन ठिसूळ म्हणून बदनाम आहे, रिकामा चाप ओढत बसलं की तुटते. आणि घोडा खाली आणण्याच्या खटक्यावर, झिजलेल्या पिस्तुलात, मी तरी जिवंत काडतुसावर भरवसा ठेवणार नाही.

बिनकामाचा_इंजिनिअर

काका, दंडवत. शनिवार-रविवार त्यातच गेला. पिनच्या भोकातून जे निघालं ते चहाच्या गाळासारखं होतं. घासल्यावर नळीत पाचसहा खड्डे उरले, सगळे चेंबरपासून दूर, आट्यांच्या कडा स्पष्ट आहेत. अंगठी नाही. घोडा अंगठ्याने पडत नाही. गनस्मिथने हेडस्पेस ठीक म्हटलंय, स्प्रिंग नवी घातली.

मुठीच्या पट्ट्यांना बाहेरून स्क्रूच दिसेना, अर्धा तास शोधत बसलो. मॅगझिनच्या पोकळीतून आतली पट्टी फिरवायची असते! त्यांच्या खाली मात्र गंज होता, तोही तेल लावलेल्या चिंधीने निघाला.

फ्रेमवर एक सेफ्टीचा खटका आहे, तो मूळचा वाटत नाही. आणि त्या डब्याचं काय करू?

दहापैकी_नऊ

खटका मूळचा नाही. टीटी-३३ ला, म्हणजे मूळ टोकारेवला, वेगळी सेफ्टी नव्हतीच, फक्त घोडा अर्धवट ताणून अडकवायची अर्धी खाच. त्या खाचेत चाप आणि स्लाइड दोन्ही अडकतात. पण पिस्तूल घोड्यावर पडलं तर ती खाच वाचवेल असं धरून चालू नका. नंतर बसवलेल्या खटक्यावर तर मी अजिबात विसंबत नाही. झाडायची वेळ येईपर्यंत चेंबर रिकामं. मी ट्रेनिंग देते तेव्हा हे एवढंच तीनदा सांगते.

डब्याबद्दल. जुन्या प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असतं, ते जळून नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. मिठाचाच भाऊबंद. हवेतला ओलावा ओढतो आणि पोलाद खातो, दमट हवेत एका रात्रीतही गंज दिसू शकतो. तेल लावून काही होत नाही, मीठ तेलात विरघळत नाही, उलट तेलाखाली झाकलं जातं. विरघळतं ते पाण्यात. त्याच दिवशी नळी सुटी करून गरम पाण्याने धुवायची, स्लाइडचा पुढचा भाग आणि पिनच्या भोकाचं तोंडही. पूर्ण कोरडं करायचं, मग नेहमीची सफाई, मग तेल. काच पुसायचं अमोनियावालं द्रव वापरा असं लोक सांगतात. त्यातलं काम पाणीच करतं, अमोनियाचं नाव उगाच होतं.

रेंजला जाण्याआधी गोळीला चुंबक लावून पाहा. पुष्कळ जुन्या लष्करी गोळ्यांचं कवच पोलादी असतं, काही रेंजवर त्या चालत नाहीत. आणि कुणा मित्राकडे माउझर सी ९६ असेल, "अरे माझ्यातही बसतात की" म्हणेल. बसतात, कारण टोकारेवचं काडतूस माउझरच्या ७.६३ वरूनच आलंय. पण टोकारेवची दारूची भर जास्त जोराची असते. त्याला देऊ नका, मैत्री टिकवा.

पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा. मग दोन. दोन नीट वेगवेगळी झाली, तर पुढे भरा. झिजलेलं पिस्तूल चाप एकदा ओढल्यावर दोनदा बोलतं तेव्हा आत आणखी सहा नकोत. चाप ओढला आणि काही झालं नाही तर तोंड निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, जुनं काडतूस उशिरा पेटू शकतं. आवाज फुसका आला तर लगेच थांबून नळी तपासा. काकांनी सांगितलेली अंगठी तशीच तयार होते.

आणि कानांना डबल संरक्षण. गोळी हलकी, साडेपाच ग्रॅमच्या आसपास, पण वेग सेकंदाला चारशे मीटरच्या वर. आवाजाला धार असते.

बिनकामाचा_इंजिनिअर

आज जाऊन आलो. आधी एक, मग दोन, मग आठ. एकूण ३५ झाडल्या.

धक्का वाटला त्याहून कमी, आवाज मात्र चाबकासारखा. शेजारच्या लेनमधला माणूस वाकून बघायला आला, आणि नळीच्या तोंडातून निघणारी ज्वाळा पाहून त्यानेच पहिल्यांदा हसून मान डोलावली. रिकामी टरफलं उजवीकडे फार लांब जातात, एक त्याच्या बॅगेत पडलं. दोन काडतुसं पेटलीच नाहीत, ताई, मी तीस मोजले, खरंच मोजले. प्रायमरवर खोल ठसा आहे, म्हणजे पिनची चूक नाही, काडतुसंच म्हातारी.

नेमाची पुढची माशी इतकी बारीक आहे की काळ्या निशाण्यावर हरवते. पंधरा मीटरवर सगळ्या गोळ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत, पण चार बोटं डावीकडे. मागचं साइट खाचेत उजवीकडे ठोकायचं ना? पितळी पंच आहे माझ्याकडे.

रात्री किटलीतलं उकळतं पाणी नरसाळ्यातून नळीत ओतलं. पहिलं पाणी काळं, तिसरं स्वच्छ. नळी इतकी तापली की पुसायच्या आत स्वतःच वाळली. नरसाळं स्वयंपाकघरातलं होतं, त्यात शिशाची काजळी गेली म्हणून परत देऊ नका असं ऐकलं. आता ते माझं झालंय आणि आईला हे अजून सांगायचंय.

कानस_काका

साइट उजवीकडेच, बरोबर. हलक्या टिचक्या मारा, एका वेळी केसभर, दोनतीन गोळ्या झाडून पाहा, मग पुढची टिचकी. मी घाईत एकदा इतकं ठोकलं की साइट मजल्यावर पडलं.

जास्तीचं मॅगझिन घेणार असाल तर विकणाऱ्याला विचारा कुठल्या देशाचं आहे. युगोस्लाव्हियाच्या एम ५७ चं नऊ गोळ्यांचं असतं आणि लांब असतं, तुमच्यात खालून बाहेर राहील.

उद्या सकाळी नळीतून एकदा पांढरी चिंधी फिरवा. तांबूस निघाली तर पुन्हा पाणी.

बिनकामाचा_इंजिनिअर

फिरवली. पांढरीच. नव्या नरसाळ्याची ऑर्डर दिली आहे, आईसाठी.