मदत हवी आहे: भरतीची तयारी करणाऱ्या भावाला प्रोटीन पावडर द्यावी का?

मांजराकाठ (लातूर जिल्हा)
माझा धाकटा भाऊ नांदेडला खोली करून पोलीस भरतीची तयारी करतो. अकॅडमीतील प्रशिक्षकांनी त्याला प्रोटीन शेक सुरू करायला सांगितले असून महिन्याचे 3,000 रुपये शनिवारपर्यंत द्यायचे आहेत. आई म्हणते की त्या पावडरीने किडनी खराब होते; भाऊ म्हणतो की सोबतची सगळी मुले घेतात आणि तो एकटाच मागे पडेल. पैसे मला पाठवायचे आहेत. कृपया द्यावे की देऊ नये, एवढे स्पष्ट सांगावे.

तालमीचा_जुना (परभणी)
देऊ नयेत. आमच्या तालमीत दूध, भिजवलेले बदाम, हरभरे आणि तूप एवढ्याच खुराकावर पोरे तयार झाली. वस्तादांनी कधी कोणाला डबा आणायला सांगितले नाही. शरीर घामाने कमवायचे असते, ते बाजारातून आणता येत नाही.

आहार_वही (छत्रपती संभाजीनगर)
ताई, भावाचे वय, वजन, रोजचे जेवण, तो अंडी खातो की नाही, आणि पूर्वी काही आजार झाला होता का, हे कळल्याशिवाय हो किंवा नाही म्हणणे योग्य होणार नाही. व्हे प्रोटीन हे काही औषध नव्हे. पनीर किंवा चीज करताना जे पाणी निथळते, त्यातील प्रथिने गाळून आणि वाळवून ही पावडर करतात. चांगल्या पावडरीच्या डब्यातील मापाच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 24 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे पाऊण लिटर दुधात असतात तेवढीच. त्यामुळे पावडर वाईट की चांगली यापेक्षा त्याच्या ताटात किती प्रथिने कमी पडतात, हे आधी पाहावे.

लोखंडी_मनगट (जालना)
तालमीचा काळ वेगळा होता, काका. तेव्हा घरी म्हैस होती. आज खोलीवर राहणाऱ्या मुलाला मेसचे पातळ वरण मिळते. मी स्वतः व्हे घेतो आणि मला त्याचा उपयोग झाला आहे. आंतरराष्ट्रीय क्रीडा पोषण संस्थेच्या 2017 च्या भूमिकेनुसार व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिने पुरेशी ठरतात, आणि तेवढी मेसच्या जेवणातून निघणे अवघड आहे. निरोगी माणसाची किडनी एवढ्या प्रथिनांनी खराब होते, असे सिद्ध झालेले नाही.

तालमीचा_जुना
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पूरके टाळावीत असे लिहिले आहे, ते का सांगत नाही?

लोखंडी_मनगट
त्या सूचना सर्वसामान्य लोकांसाठी आहेत. त्याच संस्थेचे दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनांचे प्रमाणही सर्वसामान्य प्रौढाचे आहे, रोज मैदानावर पळणाऱ्याचे नव्हे.

बालाघाट (बीड)
पावडर पाण्यात घ्यावी. दुधात घेतली की काहींचे पोट फुगते. दुग्धशर्करा ज्यांना पचत नाही, त्यांनी आयसोलेट प्रकारची घ्यावी, त्यात ती फार कमी असते. शिवाय व्यायामानंतर अर्ध्या तासातच घेतली पाहिजे असे काही नाही. दिवसभराची एकूण प्रथिने जास्त महत्त्वाची असतात.

मांजराकाठ
पाण्यात की दुधात हा प्रश्न नाही. विचारलेली माहिती देते. वय 21, वजन 58 किलो. मेसमध्ये दोन वेळा मिळून चार भाकरी, वरण, भात आणि एक भाजी असते. अंडी खातो, पण रोज नाही. आजार काही नाही. दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता, तो औषधाने पडला. आता सांगा.

आहार_वही
ताई, मुतखडा ही या प्रश्नातील महत्त्वाची गोष्ट आहे. ज्याला एकदा खडा झाला आहे, त्याला पुन्हा होण्याची शक्यता राहते. प्राणिज प्रथिने फार वाढली की लघवीतील कॅल्शियम व युरिक आम्ल वाढते आणि खड्याला अटकाव करणारे सायट्रेट कमी होते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आणि सकाळ-संध्याकाळचा सराव. दिवसाकाठी किमान दोन ते अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी तो पितो का, हे पावडरीच्या आधी विचारावे.

आता हिशेब. 0.83 च्या प्रमाणाने त्याला रोज 48 ग्रॅम प्रथिने लागतात, 1.4 च्या प्रमाणाने 81 ग्रॅम. तुम्ही लिहिलेल्या जेवणातून माझ्या अंदाजाने 45 ते 50 ग्रॅम मिळत असावीत. म्हणजे कमतरता खरी आहे, तालमीच्या काकांनी ती नाकारू नये. पण ती सुमारे 35 ग्रॅमची आहे.

सोयाबीन_शिवार (औसा)
मग अडचण कसली आहे? आपला लातूर पट्टा सोयाबीनचा आहे. सोयाबीनच्या वड्यांत 100 ग्रॅमला 52 ग्रॅम प्रथिने असतात. एक वाटी वड्या आणि मूठभर शेंगदाणे रोज खाल्ले की पावडरीच्या दसपट स्वस्तात काम होते. मी तर म्हणतो प्रत्येक मेसमध्ये हीच भाजी ठेवली पाहिजे.

आहार_वही
52 ग्रॅम हा आकडा कोरड्या वड्यांचा आहे. भिजल्यावर त्यांचे वजन पाण्यामुळे कितीतरी वाढते, म्हणून भाजीची वाटी त्या हिशेबाने मोजू नये. शिवाय सोयाबीन आणि शेंगदाणे या दोन्हींत ऑक्झलेट बरेच असते, आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. एरवी तुमचा सल्ला उत्तम आहे, पण या मुलाने हे पदार्थ रोज भरपूर खाऊ नयेत आणि खाल्ले तर जेवणातच दह्यासोबत खावेत, कारण दह्यातील कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला बांधते. त्याच्यासाठी अर्धा लिटर दूध म्हणजे 16 ग्रॅम, दोन अंडी म्हणजे 12 ग्रॅम आणि घट्ट वरणाची एक जास्तीची वाटी, एवढ्यात उणीव जवळपास भरून निघते. खडा झाला म्हणून दूध बंद करण्याची गरज नसते. हा गैरसमज आपल्याकडे फार आहे.

धावपट्टी (हिंगोली)
मैदानी चाचणीला 50 गुण असतात. मुलांसाठी 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. यात दंड किती जाड आहेत ते कोणी मोजत नाही. 1600 मीटरला दम लागतो आणि त्यासाठी भाकरी-भातातील ऊर्जा पुरेशी मिळायला हवी. माझा प्रश्न वेगळा आहे. ही पावडर कोणत्या कंपनीची आहे? डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक आहे का?

मांजराकाठ
डबा नाही. प्रशिक्षक मोठ्या पिशवीतून वजन करून प्लास्टिकच्या पाकिटात देतात. नमुना म्हणून थोडी आधीच दिली होती. भाऊ म्हणाला की ती घेतल्यावर रात्री झोप लागत नाही आणि छातीत धडधडते. ते म्हणाले की अंगाला सवय होईपर्यंत असे होते.

लोखंडी_मनगट
ताई, आजच बंद करायला सांगा. मी व्हेची बाजू मांडत होतो, पण हे वेगळे प्रकरण आहे. शुद्ध प्रथिनांनी झोप जात नाही आणि धडधडही होत नाही. अशी लक्षणे कॅफिनसारख्या उत्तेजकाने होतात, आणि सुट्या पावडरीत काय मिसळले आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसू शकते. काही पूरकांत स्टेरॉइडही सापडलेली आहेत. डब्यावर परवाना, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल तर ती वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नये.

तालमीचा_जुना
या मुद्द्यावर मी जालन्याच्या भावांशी पूर्ण सहमत आहे.

आहार_वही
धडधड थांबली नाही, चक्कर आली किंवा छातीत दुखले तर त्याने त्याच वेळी रुग्णालयात जावे. तसे नसले तरी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात दाखवून रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी), लघवीची तपासणी आणि खड्यासाठी सोनोग्राफी करून घ्यावी. जाताना उरलेली पावडर सोबत न्यावी. तक्रार करायची असल्यास जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, त्यासाठी थोडी पावडर पाकिटासह जपून ठेवावी.

मांजराकाठ
त्याला फोन करून बंद करायला सांगितले आहे. उद्या सकाळच्या सरावाला न जाता तो विष्णुपुरीला जाणार आहे. 3,000 रुपये पाठवणार नाही. त्यातून मेसवाल्यांकडे दूध आणि अंडी लावून देते. एक विचारायचे राहिले. क्रिएटिनिनच्या तपासणीसाठी उपाशी जावे लागते का?

आहार_वही
फक्त क्रिएटिनिनसाठी सहसा लागत नाही, पण साखरही तपासणार असतील तर लागेल, म्हणून नाश्ता न करता सकाळी लवकर जावे. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम केला असेल तर तो डॉक्टरांना सांगावा, त्याने आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो. पाणी मात्र पिऊन जावे.