घरासाठी कॉफी ग्राइंडर कसा निवडला? (अनुभव धागा)

धागाकर्ती

चिकमगळूर, कुर्ग, अराकू, वायनाड, कुठल्याही मळ्यातल्या बिया आता भाजल्याची तारीख छापलेल्या पाकिटात घरपोच मिळतात. आपल्या चिखलदऱ्यातही कॉफी होते. पण मागणी नोंदवताना 'अख्ख्या बिया की दळून?' असा प्रश्न येतो आणि गाडी तिथेच अडते. दळलेल्या पुडीचा वास पाकीट फोडल्यावर आठवडाभरात उतरतो. त्याच बिया अख्ख्या, हवाबंद डब्यात ठेवल्या तर महिनाभर छान राहतात. म्हणून ग्राइंडर हवा.

कोणता, यावर जाणकारांनी इथे लिहावं अशी विनंती आहे. नुसतं 'अमुक मस्त आहे' एवढं नको. कॉफी कशात करता, एका वेळी किती कप, दळण किती जाड ठेवता, काय बिघडतं आणि का, हे सगळं येऊ दे.

रवाळ

आधी मिक्सरचं बोलू, कारण तो प्रत्येक घरात असतोच. मिक्सरचं पातं बी आपटून फोडतं. त्यामुळे एकाच भांड्यात पीठही होतं आणि अर्धवट फुटलेलं बीही राहतं. पाणी ओतलं की पिठातून गरजेपेक्षा जास्त अर्क उतरतो आणि कॉफी कडवट होते, तर जाड तुकड्यांतून पुरेसा उतरत नाही आणि आंबटपणा येतो. एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही लागत असेल तर बियांना दोष देण्याआधी दळण तपासा.

बर्र ग्राइंडरमध्ये दोन दातेरी भाग असतात, त्यांनाच बर्र म्हणतात, आणि त्यांच्यामधली फट आपण ठरवतो. त्या फटीतून निघण्याइतका लहान झाला की कण खाली पडतो, पुन्हा दळला जात नाही. सगळा फरक इथेच आहे. दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या, झाकण दाबून चालवायच्या 'इलेक्ट्रिक कॉफी ग्राइंडर'मध्ये बहुधा पातंच असतं. वर्णनात बर्र असल्याचा उल्लेख नसेल तर लहान मिक्सर घेतोय असं समजूनच घ्या.

तोवर मिक्सरच वापरायचा असेल तर चटणीचं सगळ्यात लहान भांडं घ्या, अगदी कोरडं. त्यात ३० ग्रॅम बिया. पल्सवर दोन-दोन सेकंदांचे दहा-बारा झटके द्या आणि प्रत्येक झटक्यानंतर भांडं उचलून हलवा. सलग फिरवलं तर पूड तापते आणि पात्याखाली पीठ साचतं. मग मैद्याच्या चाळणीने पीठ काढून टाका. वर उरलेलं फ्रेंच प्रेसला (पूड पाण्यात भिजवून वरून जाळी दाबायचं भांडं) बऱ्यापैकी चालतं. झाकणाच्या रबरात लसणाचा वास मुरलेला असतो, तेव्हा कॉफीसाठी रबर वेगळं ठेवा.

जाडीचा अंदाज असा: फ्रेंच प्रेसला इडली रवा, पोअरओव्हरला (कागदी फिल्टरमधल्या पुडीवर गरम पाणी ओतायची पद्धत) उपम्याचा रवा, साउथ इंडियन फिल्टरला लाडवाचा बारीक रवा, मोका पॉटला (गॅसवर ठेवायचं, वाफेच्या दाबावर चालणारं भांडं) बारीक मीठ, एस्प्रेसोला (मशीनच्या दाबाने काढलेली दाट कॉफी) मीठ आणि पिठीसाखर यांच्या मधलं. टर्किश कॉफीला थेट मैदा.

हातचक्की

रोज एक-दोन कप होत असतील तर हाताने फिरवायचाच घ्या, असं माझं ठाम मत आहे. मोटर, वायर, स्विच, हॉपर (बिया भरायचं वरचं भांडं) यांचे पैसे वाचतात आणि तेच पैसे चांगल्या बर्रमध्ये आणि तो फिरवणाऱ्या आतल्या दांड्यात जातात. आठ हजारांच्या हाताच्या ग्राइंडरएवढं एकसारखं दळण त्याच किमतीचा इलेक्ट्रिक देत नाही.

पण हाताच्या ग्राइंडरमध्येही दोन जाती आहेत. हजार-दोन हजारांचे सिरॅमिक बर्रवाले दिसायला छान असतात. त्यांची अडचण दांड्यात आहे. दांडा वरच्या बाजूला प्लास्टिकच्या बुशमध्ये सैलसर बसवलेला असतो, खाली बर्र लोंबकळतो. बारीक दळताना दोन्ही बर्र जवळ असल्याने त्याला आधार मिळतो. जाड दळायला फट वाढवली की आतला बर्र डुलायला लागतो, आणि एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने बारीक असं दळण पडतं. म्हणजे हे ग्राइंडर फ्रेंच प्रेससाठीच सगळ्यात वाईट, आणि लोक नेमके त्यासाठीच घेतात.

स्टीलच्या बर्रवाल्यांमध्ये दांडा दोन बेअरिंगमध्ये धरलेला असतो. टाइममोर सी२, सी३ (३८ मिमी बर्र), किंगराइंडर के६ (४८ मिमी), वनझेडप्रेसोची मॉडेलं, आणि खिसा मोठा असेल तर कोमांडांते सी४०. दुकानात हातात मिळाला तर एकच तपासणी करा: खालचं भांडं काढा, आतला बर्र दोन बोटांत धरून आडवा हलवून पाहा. बाजूला सरकत असेल तर घेऊ नका.

१५ ग्रॅमला पोअरओव्हरच्या जाडीवर स्टीलचा मिनिटभराच्या आत उरकतो. सिरॅमिकला दोन-तीन मिनिटं सहज लागतात. लाइट रोस्ट (कमी भाजलेल्या) बिया कडक असतात, हँडल अडकतं. तेव्हा ग्राइंडर थोडा आडवा धरून फिरवा. बिया एकदम न जाता हळूहळू बर्रमध्ये उतरतात, जोर कमी लागतो आणि पीठही कमी होतं.

आकडे देताना शून्य कुठे धरलं ते महत्त्वाचं. ग्राइंडर रिकामा करा, फट कमी करत जा, हँडल आपल्या वजनाने खाली पडेनासं झालं की ते शून्य. तिथून क्लिक (फट बदलताना 'टक्' वाजणारा एकेक टप्पा) मोजायचे. सी२ वर पोअरओव्हरला साधारण १८-२०, फ्रेंच प्रेसला २४च्या आसपास. के६ वर पोअरओव्हरला ९०-१००, कारण त्याचा क्लिक खूप लहान आहे, १६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दोन कंपन्यांचे क्लिक एकमेकांशी ताडून पाहू नका.

डिकॉक्शन

पितळी किंवा स्टीलच्या साउथ इंडियन फिल्टरवाल्यांसाठी. इथे महागड्या ग्राइंडरची गरज नाही, पण पीठ झालेलं अजिबात चालत नाही. वरच्या भांड्याच्या तळाची भोकं बारीक पुडीने बुजतात आणि काढा तासभर थेंब-थेंब पडत राहतो. पूड जाड झाली तर सगळं पाणी दोन मिनिटांत खाली येतं आणि दुधात घातल्यावर नुसता रंग दिसतो.

माझं प्रमाण: २५ ग्रॅम पूड, हलक्या हाताने सपाट करून वर छत्री (फिल्टरसोबत येणारी दांडीची भोकाळ चकती), त्यावर उकळून अर्धा मिनिट थांबवलेलं १०० मिली पाणी. काढा १५ ते २० मिनिटांत उतरला पाहिजे. अर्धा तास लागला तर पुढच्या वेळी दोन क्लिक जाड करा. पाच मिनिटांत उतरला तर दोन बारीक. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही.

चिकोरी (कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ) ग्राइंडरमध्ये घालू नका. ती हवेतला ओलावा ओढते, चिकट होते आणि बर्रच्या दातांत घट्ट बसते. तयार पूड आणा आणि दळल्यानंतर वजनाने मिसळा: ८०:२० हवं असेल तर २० ग्रॅम कॉफीला ५ ग्रॅम. चिकोरीची पूड बारीक असते आणि भिजली की फुगते, त्यामुळे ती घालणार असाल तर कॉफी एक-दोन क्लिक जाड दळा.

जायफळ आणि वेलदोडाही ग्राइंडरमध्ये नको. आपल्या घरातली जायफळाची कॉफी मला फार आवडते, पण जायफळ तेलकट असतं. एकदा बर्रला त्याचं तेल लागलं की पुढचे कितीतरी दिवस प्रत्येक कपात तोच वास. किसणीवर थेट कपात किसा.

सकाळचे_चार_कप

घरात चार जण, सगळ्यांची फिल्टर कॉफी, मनगटदुखीमुळे हाताचा नको. काय घ्यावं?

रवाळ

मनगट दुखत असेल तर हाताचा विषयच सोडा, ४०-५० ग्रॅम रोज फिरवणं चांगल्या मनगटालाही जड जातं. कोनिकल (शंकूच्या आकाराच्या) बर्रचा इलेक्ट्रिक घ्या. बराट्झा एन्कोर हा जुना, टिकाऊ पर्याय आहे: ४० मिमी बर्र, ४० टप्पे, आणि सुटे भाग मिळतात. पोअरओव्हरला साधारण १५, फ्रेंच प्रेसला २८-३०. फिल्टरसाठी १० पासून सुरू करा आणि काढा उतरायला किती वेळ लागतो ते बघून पुढे-मागे व्हा. भारतीय कंपन्यांचे आणि इतर स्वस्त कोनिकल पाच-सात हजारांपासून मिळतात. फिल्टरला ते चालतात. घेण्याआधी दोनच गोष्टी विचारा: वरचा बर्र साफ करायला हाताने निघतो का, आणि मोटर सलग किती वेळ चालवता येते.

हॉपर गच्च भरून ठेवू नका. डार्क रोस्टच्या (जास्त भाजलेल्या) तेलकट बिया त्याच्या भिंतींना चिकटतात आणि खाली उतरत नाहीत. त्या दिवशीच्या बिया वजन करून घाला.

क्रेमा

एस्प्रेसोचं गणित वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या मशीनची, पूड भरायची चाळणी उलटी करून पाहा. आत पुष्कळ भोकं पण बाहेर एकच बारीक भोक असेल तर ती प्रेशराइज्ड. तिला दाब स्वतःच तयार करता येतो, त्यामुळे साधं बारीक दळणही चालतं आणि ग्राइंडरवर मोठा खर्च करायचं कारण नाही. दोन्हीकडून सारखी भोकं असतील तर दाब फक्त पुडीच्या थरामुळे तयार होतो आणि ग्राइंडर हाच मशीनचा अर्धा भाग ठरतो.

१८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५-३० सेकंदांत, ही सुरुवातीची खूण. १५ सेकंदांत आली तर बारीक करा, ४५ लागले तर जाड. हे जमायला दोन टप्प्यांमधलं अंतर लहान हवं. के६ चा क्लिक १६ मायक्रॉनचा, वनझेडप्रेसोच्या जेएक्स-प्रोचा १२.५, जे-अल्ट्राचा ८. यांवर एस्प्रेसो नीट साधतो. कोमांडांतेचा क्लिक ३० मायक्रॉनचा आहे. एका क्लिकवर कॉफी धावते आणि पुढच्यावर अडते, मधलं सापडत नाही. त्यासाठी त्यांचा रेड क्लिक्स नावाचा वेगळा दांडा बसवावा लागतो. साध्या एन्कोरचंही तेच. एस्प्रेसो करायचाच असेल तर एन्कोर ईएसपी बघा, त्यात पहिले २० टप्पे बारीक अंतराचे दिलेत.

दोन चुका नेहमी होतात. पहिली, इलेक्ट्रिक ग्राइंडर बंद असताना सेटिंग बारीक करणं. फटीत बियांचे तुकडे अडकलेले असतात, ते दाबले जातात आणि बर्रचा होल्डर तुटू शकतो. बारीक करायचं ते मोटर चालू ठेवून. दुसरी, सेटिंग बदलल्यावर लगेच आलेल्या कपावरून निर्णय घेणं. आत एक-दोन ग्रॅम जुनी पूड उरलेली असते. तीन-चार ग्रॅम दळून टाकून द्या, मग मोजा.

आणखी एक: बिया जुन्या होतील तसं त्याच सेटिंगवर कॉफी वेगाने यायला लागते. पाकिटाच्या शेवटी दोन-तीन क्लिक बारीक करावे लागतील. ग्राइंडर बिघडलेला नसतो.

पैशांचं म्हणाल तर मशीनएवढीच रक्कम ग्राइंडरला बाजूला ठेवा. चांगल्या ग्राइंडरवर साधं मशीन प्यायला योग्य कॉफी देतं, उलटं कधी होत नाही.

न्यूजर्सीकर

इकडून भारतात नेणाऱ्यांसाठी. अमेरिकेतले इलेक्ट्रिक ग्राइंडर १२० व्होल्टवर चालतात. तिकडे मिळणारा पिनचा अॅडॅप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्टेज नाही. थेट २३० ला लावला तर मोटर जळते. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, त्याची क्षमता ग्राइंडरच्या वॅटच्या दुप्पट तरी घ्या, कारण सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते. ट्रान्सफॉर्मर जड, वॉरंटीही सहसा त्या-त्या देशापुरतीच. हे सगळं पाहता नातेवाइकांकडून मागवायचाच असेल तर हाताचा मागवा. युरोप किंवा दुबईतला इलेक्ट्रिक मात्र २३० चाच असतो, तिथे पिन बदलली की झालं.

पागोळी

पावसाळ्याबद्दल कुणी लिहिलं नाही. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर बर्रला चिकटलेली पूड ओलावा धरते आणि तिचा लगदा होतो. आठवड्यातून एकदा तरी कोरड्या ब्रशने दात साफ करा, रंगकामाचा आखूड ब्रश उत्तम. स्टीलचे बर्र पाण्याने धुऊ नका, गंज चढतो. सिरॅमिकचे धुतले तर चालतात, पण पूर्ण वाळवून जोडा.

थंडीत, आणि कोरड्या भागात उन्हाळ्यातही, उलटी तऱ्हा. हवा कोरडी, पूड स्थिर विजेमुळे भांड्याला आणि ओट्यावर सगळीकडे चिकटते. दळण्याआधी चमच्याचा दांडा ओला करून झटका आणि उरलेल्या ओलाव्यावर बिया ढवळा. एक थेंब पुरतो. बिया ओल्या दिसल्या तर पाणी जास्त झालं.

साफ करायला तांदूळ फिरवण्याचा सल्ला सगळीकडे दिसतो. नका करू. कच्चा तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा कडक असतो, लहान मोटरवर ताण येतो आणि पीठ कोपऱ्यांत बसून राहतं.

हाताचा ग्राइंडर पहिल्यांदा उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. स्प्रिंग आणि वॉशरचा क्रम चुकला तर बर्र एकमेकांवर घासत राहतात. जोडल्यावर शून्य पुन्हा शोधा, ते थोडं सरकलेलं असतं.

हातचक्की

पागोळी, तांदळाबद्दल अगदी सहमत.

एक भर घालतो. सुट्या, स्वस्त बियांत, विशेषतः जमिनीवर वाळवलेल्यांत, बारीक खडे असतात. भाजल्यावर रंगाने ओळखू येत नाहीत. सिरॅमिकच्या बर्रचा एका खड्याने टवका उडतो. स्टीलचा दात दुमडतो आणि त्यानंतर दळणात पीठ वाढत जातं. एन्कोरसारख्यात प्लास्टिकच्या होल्डरचे कान आधी तुटतात आणि मोटर वाचते, तो होल्डर वेगळा विकत मिळतो. तेव्हा बिया वजन करून झाल्या की स्टीलच्या ताटलीत पसरून ताटली एकदा हलवा. खडा बीपेक्षा जड असतो, मागे राहतो आणि त्याचा आवाजही वेगळा येतो. दळताना हँडल एकदम अडकून 'कट्' आवाज आला तर जोर लावू नका, उलटा फिरवून बिया ओता आणि खडा शोधा.